पाव मिलिमीटर

सिलिंडर हळूहळू वर ओढून बाजूला काढला, पिस्टनखाली चिंधी दिली आणि त्याच्या माथ्यावरची काजळी घासायला घेतली. थोड्या वेळाने धातू उजळला आणि त्यावर दोन खुणा दिसल्या. एक बाण, आणि त्याच्याजवळ ठोकलेला एक आकडा : ५०.

ही गोष्ट २०१२ सालची. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. १९९० साली त्यांनी घेतलेली यामाहा आरएक्स १०० कोल्हापूरच्या घरी जिन्याखाली उभी होती. मी ती टेम्पोत घालून पुण्याला आणली आणि एका रविवारी, मनाचा हिय्या करून, पहिल्यांदा स्वतःच्या हाताने तिचं इंजिन उघडलं. बाणाचा अर्थ मला पुस्तकात वाचून ठाऊक होता. पिस्टन बसवताना बाण सायलेन्सरच्या बाजूला हवा. टू-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, आणि पिस्टनच्या रिंगांची टोकं त्या खिडक्यांत अडकू नयेत म्हणून खाचेत बारीक पिना रोवलेल्या असतात. पिस्टन उलटा बसला तर रिंगेचं टोक खिडकीच्या कडेला लागून तुटतं. आकड्याचा अर्थ मात्र मला त्या दिवशी कळला नाही.

कारखान्यातून आलेल्या आरएक्स १०० च्या सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर असतो. पिस्टनचा वरखाली प्रवासही ५० मिलिमीटरच. या दोन पन्नासांतून ९८ सीसीचं इंजिन होतं. म्हणून मला वाटलं, हा आकडा त्या मापाचाच असणार. तो तसा नव्हता. सिलिंडर झिजला किंवा आत ओरखडे पडले की तो मशीनवर आतून किंचित मोठा करतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन घालतात. याला गॅरेजात नुसतं ‘बोअर करणं’ म्हणतात. हे मोठं करणं मनाला येईल तेवढं नसतं. पायऱ्या ठरलेल्या आहेत, प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची. पिस्टनच्या माथ्यावर त्याप्रमाणे २५, ५०, ७५, १०० असे ठसे असतात. ५० म्हणजे अर्धा मिलिमीटर, म्हणजे दुसरी पायरी. माझ्या वडिलांची गाडी बोअर झालेली होती, आणि आमच्या घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

पुढच्या खेपेला कोल्हापूरला गेलो तेव्हा उद्यमनगरातल्या त्यांच्या जुन्या मिस्त्रींना तो पिस्टन दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवला आणि लगेच म्हणाले, “आप्पांचा न्हवं ह्यो? दोनदा बोअर केली त्यांनी माझ्याकडं. दुसऱ्या टायमाला तुझी कॉलेजची फी भरायची हुती. पैसे तीन हप्त्यांत दिलं. घरात बोलू नका म्हणालं हुतं.”

मी तो पिस्टन परत कागदात गुंडाळून खिशात ठेवला. जुनी मोटरसायकल सांभाळणं म्हणजे काय, याचा विचार मी त्या दिवसापासून करू लागलो असं म्हणता येईल.

या यंत्राचं मूळ जपानातल्या हामामात्सू गावात आहे. तिथे १८८७ साली तोराकुसु यामाहा नावाच्या कारागिराने एका शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला. दुरुस्तीसाठी उघडलेलं वाद्य त्याने इतकं नीट ओळखून घेतलं की पुढे तसंच वाद्य स्वतः घडवलं, आणि त्यातून वाद्यांचा मोठा कारखाना उभा राहिला. यामाहाच्या बोधचिन्हात आजही तीन ट्युनिंग फोर्क एकमेकांत गुंफलेले दिसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर, गेनिची कावाकामी यांच्या काळात, त्याच कारखान्याने मोटरसायकलीकडे मोर्चा वळवला. १९५५ साली निघालेली पहिली गाडी, १२५ सीसीची वायए-१, डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीच्या आरटी १२५ वर बेतलेली होती. म्हणजे वाद्याची सुरुवात दुरुस्तीतून, आणि गाडीची सुरुवात दुसऱ्याचं यंत्र समजून घेण्यातून. ओळख आधी, निर्मिती नंतर.

आरएक्स १०० च्या कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांच्यामधे एक छोटा भाग असतो, रीड व्हॉल्व्ह. पोलादाच्या अगदी पातळ पाकळ्या. पिस्टन वर गेला की खाली क्रँककेसमध्ये ओढ निर्माण होते, पाकळ्या उघडतात आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की दाबाने त्या मिटतात. आमच्या घरी भजनाची पेटी होती. वडील गुरुवारी ती वाजवत. भाता ओढला की पितळी रीड थरथरते आणि सूर निघतो, हे मी लहानपणी पेटी उघडून पाहिलं होतं. पुढे पहिल्यांदा रीड व्हॉल्व्हची पाकळी बोटाच्या टोकाने उचलली तेव्हा ती हालचाल मला ओळखीची वाटली. काम वेगळं, पण हवेच्या इशाऱ्यावर हलणारी धातूची जीभ तीच.

आपल्याकडे १९८०च्या दशकात जपानी मोटरसायकली देशी कंपन्यांशी हातमिळवणी करून आल्या. इंड-सुझुकी, हिरो होंडा, कावासाकी बजाज, आणि एस्कॉर्ट्सबरोबर यामाहा. १९८३ साली राजदूत ३५० आली, १९८५ साली आरएक्स १००. राजदूत ३५० ही यामाहाच्या आरडी ३५० चीच भारतीय आवृत्ती, ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. जुन्या गाड्यांच्या भागांची ओळख पटवणं किती निसरडं असतं, हे या एका गाडीवरून कळतं. परदेशातल्या आरडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता, आपल्याकडच्या गाडीला ड्रम. शिवाय आपल्याकडे तिचे दोन अवतार निघाले, हाय टॉर्क आणि लो टॉर्क. पहिल्याची ताकद साधारण साडेतीस अश्वशक्ती, दुसऱ्याची सत्तावीस. टाकीवरचं नाव एकच. माझ्या एका मित्राने परदेशातून मोठ्या हौसेने ‘आरडी ३५०’चा पुढचा हब मागवला. खोकं उघडलं तेव्हा डिस्कचा हब निघाला. पाठवणाऱ्याची काही चूक नव्हती. नाव बरोबर होतं, गाडी वेगळी होती.

म्हणून नावापेक्षा नंबर शिकावा लागतो. जपानी कंपन्यांनी भागांना दिलेले नंबर म्हणजे एक भाषाच आहे, आणि प्रत्येक घराण्याची बोली निराळी. यामाहाच्या नंबरात पहिली तीन अक्षरं सांगतात की हा भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी तयार झाला. मधले पाच आकडे सांगतात की तो भाग आहे काय. शेवटचे दोन आकडे त्यात नंतर झालेली सुधारणा दाखवतात. मधे १११८१ असेल तर तो हेडचा गॅस्केट, मग गाडी कोणतीही असो. ११३११ म्हणजे सिलिंडर. ११६३१ म्हणजे मूळ मापाचा पिस्टन, ११६३५ म्हणजे पाव मिलिमीटर मोठा, ११६३६ म्हणजे अर्धा. होंडाच्या नंबरात भागाचं काम सुरुवातीला येतं आणि मॉडेलची खूण मधल्या तीन आकड्यांत. १९६९ साली जगाला चकित करणाऱ्या सीबी ७५० ची खूण ३००. त्यामुळे १३१०१-३०० अशी सुरुवात दिसली की हा त्या गाडीचा मूळ मापाचा पिस्टन, हे जाणकार न पाहता सांगतो. कावासाकीचा नंबर भागाचं काम सांगतो, पण पुढच्या चार आकड्यांवरून गाडी कळत नाही. तिथे कॅटलॉगच उघडावा लागतो.

ही भाषा शिकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की आपल्या गाडीतला प्रत्येक भाग तिचा स्वतःचा नसतो. एखादा भाग आधीच्या गाडीसाठी घडवलेला असतो, तो उत्तम ठरला म्हणून पुढच्या गाडीत जसाच्या तसा घेतलेला असतो आणि आपल्या जुन्या मॉडेलची खूण अंगावर बाळगतो. घराण्याची वंशावळच म्हणा ना. बेअरिंगच्या बाबतीत तर ही ओळख घराण्याच्याही पलीकडे जाते. ६२०४ हा नंबर असलेल्या बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे घ्या, पाचाने गुणा, आतला व्यास मिळतो : वीस मिलिमीटर. हा हिशोब हामामात्सूत जो, तोच उद्यमनगरात. मोटरसायकलचं बेअरिंग शोधायला मोटरसायकलच्या दुकानात जावं लागतंच असं नाही. विहिरीवरच्या पंपाचे भाग विकणाराही ते काढून देतो.

हाताला मात्र नंबर येत नाहीत, त्याला वेगळं शिकावं लागतं. सुरुवातीला मी इंजिनाच्या कव्हरचे फुलीच्या डोक्याचे स्क्रू आपल्या नेहमीच्या स्क्रू ड्रायव्हरने काढायला गेलो आणि एकामागून एक तीन स्क्रूंची डोकी गोल करून बसलो. मला वाटलं, हाताला जोर नाही. मिस्त्री म्हणाले, “जोर नगं लावू. आधी स्क्रू बघ.” डोक्यावर फुलीशेजारी एक बारीक ठिपका होता. जपानी प्रमाणातला फुलीचा स्क्रू दिसायला फिलिप्ससारखा असला तरी त्याच्या खाचेचा आकार वेगळा असतो. फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर चढतं आणि खाच खाऊन टाकतं. योग्य टोकाचा ड्रायव्हर घेतल्यावर तसलाच स्क्रू एका झटक्यात सुटला. बोल्टांचंही तेच. आठ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं जपानी गाड्यांवर बऱ्याचदा १२ चं असतं, आपल्या बाजारात मिळणारा तसाच बोल्ट १३ चा. आटे तेच, डोकं वेगळं. एखाद्या गाडीला पाना लावताना बाराऐवजी तेरा लागला की समजायचं, इथे आधी कुणीतरी येऊन गेलंय.

पुण्यात जुन्या भागांची शोधाशोध दोन ठिकाणी होते. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानांत, आणि बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. जुन्या बाजारात जमिनीवर अंथरलेल्या ताडपत्रीवर अर्धवट कार्ब्युरेटर, क्लचच्या प्लेटा, मीटरची काच, कुणाच्या तरी गाडीचा साइड पॅनेल असं सगळं शेजारी शेजारी पडलेलं असतं. तिथे मी खिशात व्हर्निअर घेऊन जातो. विक्रेता प्रामाणिकपणे ‘आरएक्सचा सिलिंडर’ म्हणतो, कारण त्याला तसंच सांगितलेलं असतं. आरएक्स १०० आणि नंतरची आरएक्स १३५ यांच्या पिस्टनचा प्रवास सारखाच, ५० मिलिमीटर. फरक व्यासात : एकीचा ५०, दुसरीचा ५८, म्हणून ती १३२ सीसी. बाहेरून घाईत पाहिलं तर दोन्ही भावंडं. व्हर्निअर आत लावला की एका क्षणात निकाल. माप घेऊन मी खरं काय ते विक्रेत्यालाही सांगतो. पुढच्या गिऱ्हाइकाला तो बरोबर भाग देईल, यात माझं काही जात नाही.

इतकं शिकल्यावर मला वाटू लागलं होतं की ओळख म्हणजे माप आणि नंबर. एका चुकीने तो समज मोडला.

२०१७ च्या एप्रिलमध्ये मी गाडी पुण्याहून कोल्हापूरला चालवत निघालो. निघण्याआधी मॅग्नेटोमागचं क्रँकचं ऑइल सील बदललं होतं. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. ते मी ताडून पाहिले. तंतोतंत जुळले. खंबाटकीचा घाट चढताना इंजिनाचा आवाज पातळ झाला, गाडी क्षणभर जोरात पळाल्यासारखी वाटली आणि मागचं चाक एकदम जाम झालं. क्लच दाबला म्हणून वाचलो. कडेला उभं राहून प्लग काढला. नीट चाललेल्या इंजिनाचा प्लग चहाच्या रंगाचा असतो, हा खडूसारखा पांढरा होता.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस नुसता खोका नसतो. तिथेच मिश्रण दाबलं जातं, तिथूनच ते वर जातं. म्हणून तो हवाबंद लागतो. सील कुठे सैल पडलं तर बाहेरची हवा आत शिरते. मिश्रणात हवा वाढली की पेट्रोल कमी पडतं, त्याच्याबरोबर येणारं तेलही कमी पडतं, उष्णता वाढते, पिस्टन फुगतो. सिलिंडर आणि पिस्टन यांच्यामधली जागा असते जेमतेम तीन-चार शतांश मिलिमीटर. ती संपली की धातू धातूला धरतो. माझं सील मापाने बरोबर होतं, पण त्याचं रबर खोटं होतं. उष्णतेत त्याचा ओठ कडक होऊन शाफ्टपासून सुटला होता.

टेम्पोतून गाडी उद्यमनगरात नेली. मिस्त्रींनी ते सील दोन बोटांत दुमडलं, ओठावर नख रोवलं, नाकाशी धरलं आणि बाजूला ठेवलं. मग ड्रॉवरमधून एक चांगलं सील काढून माझ्या हातात दिलं. “आकडा वाचलास, ते बरं केलंस,” ते म्हणाले. “पण दाबून बघितलं नाहीस.” त्या दोन सीलमधला फरक मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा दाबून पाहिला. एक दाबलं की सावकाश परत येत होतं, दुसरं दाबल्या जागी रुसून बसत होतं. नंबर सांगतो, भाग कुठे बसेल. तो तिथे टिकेल का, हे सांगायला बोटं लागतात, आणि बोटांना ते सांगणारा माणूस लागतो.

अशी माणसं कमी होत चालली आहेत, याची काळजी मला भागांच्या टंचाईपेक्षा जास्त वाटते. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ साली थांबलं. ज्या मिस्त्रींनी या गाड्या नव्या असताना उघडल्या, ते आता साठीच्या पुढे आहेत. पिस्टन नव्याने घडवता येतो, गॅस्केट कापता येतो. पण कोणत्या गाडीला आधी कुणी कोणता भाग बसवला, कोणतं रबर आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात फुगतं, कोणता आवाज बेअरिंगचा आणि कोणता पिस्टनचा, हे कॅटलॉगात नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे हातोहात जातं, आणि मधला हात नसला तर जातच नाही.

नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत गेलो तेव्हा चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून त्याची छाप घेतली. सरकारच्या दृष्टीने माझी गाडी म्हणजे तो नंबर आणि इंजिनावरचा नंबर. त्या दोन नंबरांच्या मधलं जवळजवळ सगळं बदललेलं आहे : पिस्टन, बेअरिंगं, सीलं, केबली, टायर, सीटचं कव्हर. लोक विचारतात, गाडी ओरिजनल आहे का. पूर्वी मला त्याचं उत्तर देताना अवघड व्हायचं. आता मी सांगतो की काय मूळचं आहे, काय बदललं आणि का बदललं, हे मला माहीत आहे. माझ्या मते जुन्या गाडीचा अस्सलपणा तेवढाच असतो. बदललेला भाग मूळचा म्हणून दाखवणं खोटं. तो बदलला असं लिहून ठेवणं खरं.

म्हणून मी वही ठेवली. वडिलांनी ठेवली नव्हती. त्यांच्या दोन बोअरांची नोंद एका पिस्टनच्या माथ्यावर आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या स्मरणात तेवढी उरली होती. यातलं एक जरी हरवलं असतं तरी त्यांनी तीन हप्त्यांत दिलेल्या पैशांची गोष्ट मला कधी कळली नसती. माझ्या वहीत तारीख, किलोमीटर, भागाचा नंबर, कुठून घेतला, कसा निघाला, आणि कुणी शिकवलं, असे रकाने आहेत. शेवटचा रकाना मी खंबाटकीनंतर वाढवला.

घाटात पकडलेला सिलिंडर पुढच्या पायरीला बोअर करावा लागला. पिस्टनवर आता ७५ चा ठसा आहे. मशीनवर पाव मिलिमीटर धातू कातला जात असताना मी शेजारी उभा होतो. खाली पडलेला तो चमकदार कीस चिमटीत मावेल इतकाच होता. प्रत्येक दुरुस्ती सिलिंडरचं काही आयुष्य खर्च करते, आणि ते परत भरून येत नाही. वडिलांनी दोन पायऱ्या वापरल्या, दोन्ही रोजच्या कामापोटी. मी एक वापरली, चुकीपोटी. आता एकच उरली आहे.

ते कळल्यापासून मी गाडी वेगळ्या रीतीने चालवतो. सकाळी इंजिन तापू देतो, घाटात घाई करत नाही, दर थोड्या दिवसांनी प्लगचा रंग बघतो. गेल्या वर्षी नाना पेठेत एका जुन्या दुकानाच्या वरच्या फळीवर १०० चा पिस्टन मिळाला, न वापरलेला, मूळ खोक्यातला. घरी आणून त्याच्या माथ्याचा ठसा पाहिला, बोटाने रिंगांच्या खाचा चाचपल्या, तेलाचा हात फिरवून तो कागदात बांधला आणि वडिलांच्या ५० च्या पिस्टनशेजारी ठेवला. खोक्यावर भागाचा नंबर लिहिला, आणि खाली एक ओळ : बाण सायलेन्सरच्या बाजूला. ही ओळ माझ्यासाठी नाही. मी ती विसरणार नाही. माझ्यानंतर जो कुणी हे खोकं उघडेल, त्याच्या शेजारी मिस्त्री असतीलच असं नाही.